शरीरांतून बाहेर पडणारे रंग



सुशिक्षित घरांत ज्या गोष्टींचा उच्चार सहसा होत नाहीं, त्यांपैकीं एका गोष्टीविषयीं आज बोलावयाचें आहे. लघवी, शौच, थुंकी, घाम आणि आंसवें हीं सर्व माणसाच्या शरीरांतून बाहेर पडतात, प्रत्येकाला आपापला ठरलेला रंग असतो, आणि तो रंग पालटला म्हणजे आंत कांहीं तरी पालटलें असावें अशी वर्दी मिळते. ही वर्दी अगदीं फुकट मिळते. तिला यंत्र लागत नाहीं, फी लागत नाहीं, केवळ डोळे लागतात. परंतु ती वाचणाराहि एकच आणि ती दडविणाराहि तोच. गिरणींतून पीठ किंचित् काळसर दळून आलें तर गिरणीवाल्याशीं हुज्जत घालणारा गृहस्थ, स्वतःची लघवी आठ दिवस कोऱ्या चहासारखी होत असली तरी घरांत त्याविषयीं शब्द काढीत नाहीं. संकोच हा गुण खरा. पण या बाबतींत तो फार महागांत पडतो.

नांदेडच्या जुन्या वस्तींत राहणाऱ्या एखाद्या पन्नाशीच्या व्यापाऱ्याची कल्पना करावी. लग्नसराईंत तुपाची पंगत झाली, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतो तों लघवी दुधासारखी पांढरी! भांड्यांत ठेवली तर तिच्यावर सायीसारखा पापुद्रा धरतो. कधीं तिच्यांत दह्यासारख्या गुठळ्या होतात. दोन दिवसांनीं रंग आपोआप निवळतो आणि महिन्याभरानें पुन्हां पांढरा होतो. हा मनुष्य काय समजतो? तरुणपणापासून त्याच्या कानांवर एकच गोष्ट पडलेली असते कीं, पांढरें गेलें म्हणजे धातु गेली आणि धातु गेली म्हणजे आयुष्य गेलें. मग तो डॉक्टरकडे न जातां रस्त्याकडेच्या तंबूंतील वैदूकडे जातो, कारण त्या तंबूला दार नसलें तरी पडदा असतो. तेथें त्याला कसल्याशा पुड्या मिळतात आणि वर उपदेश मिळतो कीं, शक्ति भरून येण्यासाठीं तूप, मलई, बदाम भरपूर खात जावे. तो बिचारा तसें करतो, आणि लघवी अधिकच पांढरी होते.

वस्तुतः या पांढऱ्या रंगाचा धातूशीं कांहींएक संबंध नसतो. आपण खातों त्या अन्नांतील बहुतेक स्निग्धांश आंतड्यांतून थेट रक्तांत जात नाहीं. तो रसवाहिन्या नांवाच्या अतिशय नाजूक नळ्यांतून, दुधासारख्या रसाच्या रूपानें, छातीपर्यंत वर चढतो आणि तेथें रक्तांत मिसळतो. या रसवाहिन्यांत हत्तीरोगाचे सुतासारखे बारीक कृमि वर्षानुवर्षें वस्ति करून राहिले, तर त्या फुगतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, आणि वर चढणारा रस मागें फिरून मूत्रपिंडाच्या आसपास तुंबतो. अखेरीस एखादी तुंबलेली वाहिनी मूत्रमार्गांत फुटते. मग जेवणांतील तूप रक्तांत न जातां लघवींत उतरतें. व्यापाऱ्यानें सकाळीं जें पाहिलें तें आदल्या रात्रीच्या पंगतींतलें तूपच होतें म्हणाना! वैद्यकांत या विकाराला कायल्युरिया म्हणतात. त्यांत दुखत बहुधा नाहीं; पण स्निग्धांशाबरोबर प्रथिनेंहि वाहून जातात, आणि महिनोन् महिने असें चाललें तर मनुष्य झडत जातो. मग त्याचें झडणें पाहून शेजारी म्हणतात, बघा, धातु गेल्यावर असेंच व्हायचें.

ही कथा नांदेडचीच कां घेतली, असें कोणी विचारील. हत्तीरोग म्हटला कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कोंकण, केरळ किंवा बिहार उभा राहतो. मराठवाड्यासारख्या कोरड्या मुलखांत त्याचें काय काम, असें वाटतें. परंतु हा रोग पसरविणारा क्यूलेक्स डास पावसाच्या स्वच्छ पाण्यावर अवलंबून नाहीं. त्याला गटार, शोषखड्डा, संडासाची टांकी पुरते, आणि या वस्तु कोरड्या मुलखांतल्या शहरांनाहि भरपूर आहेत. हत्तीरोगाविरुद्ध आपल्या देशांत १९५५ सालीं राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांतून वर्षांतून एकदां सर्वांनाच गोळ्या देण्याचा क्रम घातला गेला. महाराष्ट्रांतील त्या जिल्ह्यांच्या यादींत नांदेड आणि लातूर हीं दोन्हीं नांवें होतीं. गोळ्या घेऊन घरोघर फिरणाऱ्या सेविकेला सुशिक्षित घरांतून अनेकदां उत्तर मिळे कीं, आमच्याकडे कोणाचा पाय सुजलेला नाहीं. पाय सुजण्याच्या कितीतरी वर्षें आधीं कृमि शरीरांत शिरलेले असतात, आणि ते असतांना मनुष्य अगदीं ठणठणीत दिसतो, हें त्या घरांना कोणी नीट सांगितलें नव्हतें. किंवा सांगितलें तेव्हां कोणी ऐकलें नव्हतें.

मौजेची गोष्ट अशी कीं, या सबंध रोगाचा उलगडा झाला तोहि बऱ्याच अंशीं लघवीच्या रंगावरूनच. १८६३ सालीं पॅरिस येथें डेमार्के याला अंडवृद्धीच्या पाण्यांत हे सूक्ष्म कृमि प्रथम दिसले. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८६६ सालीं, ब्राझीलमधील बाहिया येथें वूखरर यानें एका रोग्याची दुधाळ लघवी सूक्ष्मदर्शकाखालीं धरली आणि तींत तेच जीव वळवळतांना पाहिले. १८७० सालीं कलकत्त्यास टिमथी लुइस या लष्करी डॉक्टरला पुन्हां दुधाळ लघवींतच ते आढळले. त्यानें माग सोडला नाहीं, आणि १८७२ सालीं ते माणसाच्या रक्तांत असतात हें दाखवून दिलें. पुढें १८७६ सालीं बँक्रॉफ्टला ऑस्ट्रेलियांत पूर्ण वाढलेला कृमि सांपडला, व १८७७ सालीं चीनमधील अमॉय बंदरांत पॅट्रिक मॅन्सन यानें डास हा कृमि माणसाच्या रक्तांतून घेतो आणि तो डासाच्या शरीरांत वाढतो हें सिद्ध केलें. डासामुळें माणसाला रोग होतो या विचाराचा पाया येथें घातला गेला. या कृमींची पिलें रात्रीं दहा ते दोनच्या सुमारास रक्ताच्या बाहेरच्या प्रवाहांत येतात आणि दिवसा फुप्फुसांत दडून बसतात, हेंहि मॅन्सननेंच शोधून काढलें. म्हणून हत्तीरोगाच्या तपासणीकरितां आरोग्यखात्याचीं माणसें रक्त घेण्यास रात्रीं येतात. त्यांना चोर समजून दार न उघडणारे लोक पुष्कळ. त्यांत संशय घेणाऱ्याचा दोष नाहीं, न सांगणाऱ्याचा आहे.

आतां त्या व्यापाऱ्यानें काय करावें? कायल्युरिया बहुधा कृमि शिरल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं दिसूं लागतो, आणि तेव्हां रक्तांत कृमि सांपडतीलच असें नाहीं. परंतु लघवींत स्निग्धांश आहे कीं नाहीं हें प्रयोगशाळेंत सहज ठरतें. औषधें आहेत, कांहीं काळ तूपतेल अत्यंत कमी करावें लागतें, आणि तेवढ्यानें न भागल्यास मूत्रमार्गांत दुर्बिणीच्या साह्यानें औषध सोडून फुटलेलीं तोंडें बंद करतां येतात. थोडक्यांत, वैदूनें जें खावयास सांगितलें नेमकें तेंच सोडावयाचें असतें.

मात्र प्रत्येक गढूळ लघवी हत्तीरोगाची नव्हे. जड जेवणानंतर दोनतीन तासांनीं पुष्कळ निरोगी माणसांची लघवी चुन्याच्या निवळीसारखी गढूळ होते. त्या वेळीं तींत फॉस्फेट नांवाचे क्षार असतात व त्यांचें भय नाहीं. अशा लघवींत व्हिनेगारासारख्या आम्लाचे थेंब टाकले कीं ती स्वच्छ होते. दुधाळ लघवी होत नाहीं. गढूळपणाबरोबर जळजळ, दुर्गंधि आणि ताप असेल तर पू असण्याचा संभव अधिक. तेव्हां एक पांढरा रंग, आणि त्याचीं कारणें तीन. रंग हा साक्षीदार खरा, पण त्याची उलटतपासणी केल्याशिवाय निकाल देतां येत नाहीं.

आपल्या पूर्वींच्या वैद्यांना हें पाहणें मुळींच हीन वाटत नव्हतें. चरकसंहितेंत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील बरेचसे रंगावरून व दाटपणावरून ओळखावयाचे आहेत: पिठाच्या पाण्यासारखा तो शुक्लमेह, हळदीसारखा हारिद्रमेह, मंजिष्ठासारखा मांजिष्ठमेह, आणि निळा, काळा, तांबडा असे आणखी. योगरत्नाकरांत रोग्याच्या ज्या आठ परीक्षा आहेत त्यांत नाडीच्या जोडीला मूत्र आणि मल बसविले आहेत. पुढें नाडीची प्रतिष्ठा वाढली व बाकीच्या दोन मागें पडल्या, याचें कारण शास्त्रीय असण्यापेक्षां सोंवळ्याओंवळ्याचें असावें. युरोपांत याच्या उलट अतिरेक झाला. तिकडे कांचेच्या फुगीर भांड्यांत लघवी उजेडाला धरून, रोग्याचें तोंडहि न पाहतां, सगळे रोग सांगणारे वैद्य निपजले. त्यांची खोड मोडण्यासाठीं टॉमस ब्रायन नांवाच्या इंग्रज वैद्यानें १६३७ सालीं सबंध ग्रंथ लिहिला. लघवी सोन्यासारखी पिवळी आहे तेव्हां तींत सोनें असलेंच पाहिजे, अशा आशेनें हॅम्बुर्गचा हेनिग ब्रांड १६६९ सालीं पिंपेंच्या पिंपें लघवी आटवीत बसला. त्याला सोनें मिळालें नाहीं, अंधारांत चकाकणारा फॉस्फरस मिळाला.

मग तो पिवळेपणा येतो कोठून? रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें एकशेंवीस दिवस जगतात आणि मोडतात. मोडलेल्या पेशींच्या रंगद्रव्यापासून यकृतांतून पित्ताचा रंग बनतो, तो आंतड्यांत उतरतो, आणि तेथील जंतु त्याचें रूपांतर करतात. त्यांतूनच शौचास तपकिरी व लघवीस पिवळा रंग येतो. जंतूंच्या अंगीं हें काम करणारें नेमकें कोणतें द्रव्य आहे हें अगदीं परवांपर्यंत, म्हणजे २०२४ च्या आरंभापर्यंत, कळलेलें नव्हतें. पिवळा रंग किती गडद हें प्रामुख्यानें पाण्यावर अवलंबून. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरला मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिली गाडी १२ एप्रिल रोजीं पांच लाख लिटर पाणी घेऊन पोंचली. घागर मोजून मिळूं लागली कीं पहिली काटकसर पिण्याच्या पाण्यांतच होते, विशेषतः घरांतील बायकांच्या. तशांत लघवी गडद पिवळी, थोडी आणि उग्र वासाची होऊं लागली तर शरीर पाणी मागत आहे असें समजावें. त्याकडे कित्येक महिने दुर्लक्ष झाल्यास मुतखड्याला आमंत्रण मिळतें. याच्या उलट जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्याची लघवी हिरवट पिवळी, चमकदार दिसते. ती पाहून कावीळ झाली असें समजून घाबरणारे लोक थोडे नाहींत. घाबरावयाचें असेल तर पुढील लक्षणांना घाबरावें.

काविळींत लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी होते आणि हलवल्यास तिचा फेंसहि पिवळा दिसतो. पुष्कळदां डोळे पिवळे होण्यापूर्वींच ती अशी होते. म्हणजे आरशाच्या आधीं मोरी सांगते! हा पित्ताचा रंग जर शौचाला मिळेनासा झाला तर शौच पांढुरकें, गोपीचंदनासारखें होतें, आणि त्याचा अर्थ पित्ताची वाट कोठें तरी अडली आहे. खडा असेल, गांठ असेल. काळी लघवी व पांढरें शौच हीं दोन लक्षणें एकत्र दिसलीं तर एक दिवसहि थांबूं नये. जाता जातां सांगावयाचें म्हणजे, कावीळ झालेल्याला सगळें जग पिवळें दिसतें ही म्हण सुंदर आहे, पण खरी नाहीं. त्याला जग आपल्याला दिसतें तसेंच दिसतें; पिवळा तो स्वतः दिसतो.

आपल्याकडील साथीची कावीळ बहुधा पाण्यांतून येते. १९५५ च्या नोव्हेंबरांत दिल्लीच्या पाणीपुरवठ्यांत सांडपाणी शिरलें आणि सुमारें एकोणतीस हजार माणसें पिवळीं पडलीं. तो रोग ज्याला आज हिपॅटायटिस ई म्हणतात तो होता हें पुष्कळ वर्षांनीं ठरलें. आपल्या महाराष्ट्रांत २०१२ सालीं इचलकरंजीस याच रोगानें हजारों लोकांना गांठलें. हा रोग बहुतेकांना आपोआप सोडून जातो. परंतु गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, तो प्राणघातक होऊं शकतो. आणि आपोआप जातो यामुळेंच मंत्रानें तो उतरविणाऱ्यांचें फावतें. मराठवाड्यांतील गांवोगांवीं कावीळ उतरविणारे आहेत व त्यांच्याकडे लातूरचे पदवीधरहि जातात. उतरविणारा रोग्याच्या हातांवर कसला तरी रस चोळतो, मग चुन्याच्या निवळीनें हात धुववितो, आणि काय आश्चर्य, ताटांत पिवळें पाणी उतरतें! तो रस आंब्याच्या सालीचा असतो. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आले कीं पिवळा रंग होतो. रोगी नसलेल्याचे हात धुतले तरी तितकाच होतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचें काम करणारे कार्यकर्ते हा प्रयोग चव्हाट्यावर करून दाखवितात, तरी उतरविणाऱ्याकडील रांग कमी होत नाहीं. खरा पिवळा रंग मोरींत वाहून जातो, त्याकडे कोणी पाहत नाहीं. खोटा पिवळा रंग ताटांत पडतो, तो पाहण्यास सारें घर जमतें. गरोदर सुनेला अशा ठिकाणीं नेण्यांत जे चार दिवस जातात, तेच चार दिवस रुग्णालयांत महत्त्वाचे असतात.

दिवसांचा प्रश्न निघाला म्हणून तान्ह्या मुलांविषयीं थोडें सविस्तर बोलणें अवश्य आहे. जन्मल्यानंतर पुष्कळ मुलें थोडीं पिवळीं दिसतात आणि दहापंधरा दिवसांत तीं उजळतात. पण पंधरवडा उलटल्यावरहि मूल पिवळें असेल, दुपट्यावर लघवीचा पिवळा डाग पडत असेल (तान्ह्या मुलाची लघवी जवळजवळ बिनरंगी असावयास पाहिजे), आणि शी पांढुरकी, मातकट किंवा अगदीं फिकी होत असेल, तर त्या मुलाची पित्तनलिका बंद असण्याचा संभव आहे. मूल दूध पितें, हंसतें, वजनहि वाढतें. म्हणून घरांतील वडीलधारी माणसें म्हणतात, दूध पचत नसेल, दृष्ट लागली असेल, उन्हांत धरा. या विकारावर जपानांतील मोरिओ कासाई यांची शस्त्रक्रिया आहे, आणि ती मूल साठ दिवसांचें होण्यापूर्वीं झाली तर यशाची आशा अधिक. नंतर यकृत कडक होत जातें व तें बदलण्यावांचून उपाय उरत नाहीं. तैवान देशानें २००४ पासून प्रत्येक बाळाच्या नोंदवहींत शीच्या रंगांचें एक कार्ड छापलें: वर फिके रंग, खालीं पिवळे, हिरवे. आईनें दुपटें कार्डाशेजारीं धरावें, इतकेंच. त्या कार्डानंतर तेथें साठ दिवसांच्या आंत शस्त्रक्रिया होणाऱ्या मुलांचें प्रमाण वाढलें. बाळाची शी हिरवी झाली तर आपल्याकडे आजी घर डोक्यावर घेते, आणि पांढरी झाली तर स्वस्थ राहते. वस्तुतः बाळ चांगलें असेल तर हिरव्याला फारसें महत्त्व नाहीं, पांढऱ्याला आहे.

तांबड्या रंगाची भीति कोणाला शिकवावी लागत नाहीं. तेथें उलट प्रकार होतो. बीटाची कोशिंबीर खाऊन दुसऱ्या दिवशीं कांहींजणांची लघवी गुलाबी होते व ते मृत्युपत्राची भाषा बोलूं लागतात. पण खरें रक्त असेल, आणि तें दुखल्याखुपल्यावांचून एकदांच येऊन थांबलें, तर तेच लोक सुटलों म्हणतात! मुतखड्याचें रक्त कळा घेऊन येतें व मनुष्याला डॉक्टरकडे पळवितें. मुकाट्यानें येणारें रक्त चाळिशीपुढच्या माणसांत, त्यांतून विडी सिगारेट ओढणाऱ्यांत, मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असूं शकतें. तें थांबलें म्हणजे कारण थांबलें असें नव्हे. शौचावाटे पडणाऱ्या तांबड्या रक्ताला मूळव्याध म्हणून सोडून देण्याची संवयहि अशीच घातक आहे. शौच डांबरासारखें काळें, चिकट व दुर्गंधियुक्त झालें तर रक्तस्राव जठरांत किंवा त्याच्या आसपास होत आहे असें समजावें. लोहाच्या गोळ्यांनीं येणारा काळेपणा यापेक्षां निराळा, त्यांत चिकटपणा आणि ती घाण नसते. घोणस चावलेल्या शेतकऱ्याची लघवी लाल झाली किंवा कमी झाली तर विष मूत्रपिंडापर्यंत पोंचल्याची ती खूण, व तेथें क्षणाचाहि विलंब चालत नाहीं.

पाळी कायमची गेल्यानंतर वर्षांनीं वस्त्रावर तांबडा डाग दिसणें, ही गोष्ट तर स्त्रिया मुलीलाहि सांगत नाहींत. लातूरच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, ज्याला आतां धाराशिव म्हणतात, सुमारें एक लाख एकतीस हजार ग्रामीण स्त्रियांवर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाविषयीं मोठा अभ्यास झाला. त्याचा निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या विषाणूमुळें हा कर्करोग होतो त्याची आयुष्यांत एकदां चाचणी केलेल्या स्त्रियांच्या गटांत त्या रोगाचे मृत्यु निम्म्याजवळ आले. मराठवाड्यांतील खेड्यांच्या बायका जर अशा तपासणीला पुढें आल्या, तर शहरांतील बायकांनीं डाग धुऊन टाकून गप्प बसण्याचें कारण दिसत नाहीं.

क्षयरोग्याची गोष्ट निराळी, कारण तेथें रंग बदलणें ही शुभवार्ता असते. रिफाम्पिसिन हें क्षयाचें मुख्य औषध सुरू झालें कीं लघवी नारिंगी तांबडी होते. थुंकी, घाम आणि आंसवेंहि रंगतात. आधींच सांगितलेलें नसेल तर रोगी समजतो कीं, औषधानें रक्त पडूं लागलें, आणि गोळ्या मोरींत टाकतो. अर्धवट सोडलेला क्षय पुढें औषधांना दाद देत नाहीं व घरांतल्या मुलांना लागतो. एवढा अनर्थ टाळण्यास औषध देणाऱ्याचें एक वाक्य पुरेसें असतें.

लातूरचें नांव ज्या दिवसाशीं जोडलें गेलें आहे त्या दिवसाशींहि एका रंगाचा संबंध आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्यास चार मिनिटें असतांना, गणपति बोळवून लोक निजलेले असतांना, किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीचीं जड माळवदें झोपलेल्यांच्या अंगावर आलीं. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. अशा ढिगाऱ्याखालीं ज्याचा पाय किंवा मांडी कित्येक तास चेंगरून राहिली आहे असा मनुष्य बाहेर काढल्यावर शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. त्याला बाजूस बसवून लोक दुसऱ्याकडे धांवतात. मग त्याची लघवी गडद तपकिरी होते, कमी होते आणि बंद पडते. चेंगरलेल्या स्नायूंतून सुटलेलें रंगद्रव्य मूत्रपिंडांत अडकून तीं निकामी करतें. हें प्रथम स्पष्टपणें मांडलें लंडनच्या बायवॉटर्स यांनीं १९४१ सालीं, जर्मन बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून काढलेल्या रोग्यांवरून. त्यानंतर जगभर असा नियम झाला कीं, चेंगरलेल्या माणसाला बाहेर ओढण्यापूर्वींच शक्य तर शिरेंतून सलाइन सुरू करावें व त्याच्या लघवीच्या रंगावर नजर ठेवावी. जड माळवदाचीं घरें मराठवाड्यांत अद्यापि पुष्कळ आहेत आणि पावसाळ्यांत तीं पडतातहि. म्हणून ही माहिती केवळ डॉक्टरांपाशीं राहून उपयोग नाहीं.

आणखी एका काळ्या रंगाचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो दुर्मिळ असला तरी आपल्या चालीरीतींशीं निगडित आहे. कांहीं बालकांची लघवी ताजी असतांना नेहमींसारखी असते, पण दुपट्यावर तास दोन तास राहिली कीं काळी पडते, आणि साबण लावल्यावर डाग अधिकच काळा होतो. इंग्लंडमधील गॅरड यांनीं १९०२ सालीं या विकाराविषयीं निबंध लिहिला, आणि अशा मुलांचे आईबाप पुष्कळदां सख्खे चुलत, मामे किंवा आते भावंडें असतात हें त्यांच्या ध्यानांत आलें. दोन्हीं बाजूंनीं आलेला एकच दोष मुलांत एकवटतो, या ज्ञानाची सुरुवात काळ्या डागाच्या त्या कपड्यापासून झाली. मामाची मुलगी करण्याची चाल मराठवाड्यांत अजून मानाची आहे. असा डाग धुणारीनें तो परटाच्या माथीं न मारतां डॉक्टरला दाखवावा. या मुलांना बालपणीं त्रास होत नाहीं, पण चाळिशींत पाठ आणि गुडघे धरतात.

आतां दाखविण्याविषयीं. डॉक्टरला नुसता रंग सांगून भागत नाहीं, कारण एकाचा तांबूस तो दुसऱ्याचा तपकिरी असतो. स्वच्छ धुतलेल्या, कोरड्या, रुंद तोंडाच्या बाटलींत, अत्तराची किंवा औषधाची जुनी बाटली न घेतां, मधल्या धारेची लघवी घ्यावी आणि एक दोन तासांच्या आंत पोंचवावी. बाटली बिनरंगी कांचेची असावी. दुधाळ लघवीचा संशय असेल तर उपाशीपोटीं घेतलेली बाटली कदाचित् अगदीं स्वच्छ निघेल व डॉक्टरला कांहींच दिसणार नाहीं; म्हणून ती तूपतेलाच्या जेवणानंतर कांहीं तासांनीं घ्यावी. तान्ह्या मुलाच्या बाबतींत दुपटेंच न धुतां न्यावें. आणि बाटलीवर एक कागद चिकटवून त्यावर नांवाखालीं तीन गोष्टी लिहाव्या: लघवी केव्हां घेतली, त्यापूर्वीं काय खाल्लें होतें, आणि कोणतीं औषधें चालू आहेत.